एम-थ्री उडाला आणि अख्खा कट्टा हसला

पत्र:

आक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात रूम करून राहतो. मेकॅनिकलला आहे, चौथं सेम चालू आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, ८९ टक्के होते, गावात बॅनर लागला होता. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गाडी घसरली आणि इथं आल्यावर तर बोलायलाच नको.

हॉकीचं मला लहानपणापासून वेड. संध्याकाळी खेळून झालं की टिळकवाडीत सेकंड गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर आमचा कट्टा असतो, पंचविशीच्या पोरांपासून साठीच्या काकांपर्यंत सगळे हॉकीवेडे. पंधरा मिनिटं हॉकी होते, मग कुणीतरी कॉलेजचा विषय काढतो आणि एकेकाचे किस्से चालू. कुणाला एम-टू, म्हणजे मॅथ्सचा दुसरा पेपर, सात अटेम्प्टला सुटला, कुणाचे सर उजव्या हातानं लाप्लास लिहायचे आणि डाव्या हातानं पुसत जायचे, कुणी ड्रॉइंगच्या शीटवर चहा सांडला आणि तोच सेक्शन व्ह्यू म्हणून सबमिट केला. हसून हसून पोट दुखतं. गेल्या महिन्यात मी पण सांगितलं, एम-थ्रीला, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला, एक्स्टर्नलला (युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत) १०० पैकी ९ पडले म्हणून. त्या दिवशी सगळ्यात मोठा हशा मलाच मिळाला. आता सगळे मला 'नऊ नंबर' म्हणतात.

खरं सांगू काय, तेव्हा लई बरं वाटलं. रूमवर आलो आणि झोप लागली नाही. कारण एम-थ्री एकटा नाही, थर्मोडायनॅमिक्स, आमचा थर्मो, ३१ वर राहिलाय आणि मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स २८ वर. हे कट्ट्यावर कुणाला माहीत नाही. घरी तर रिझल्टच लागला नाही म्हणून सांगितलंय. आई म्हणते हॉकी सोड. मित्र म्हणतात कट्टा सोड. मला वाटतं इंजिनीअरिंगच सोडावं, डोकं चालत नाही आता. काय करू?

— एक हॉकीवेडा

*

नऊ नंबर भावा,

पहिल्यांदा एक सांगते, तुझं पत्र वाचून मी पण हसले, त्या सेक्शन व्ह्यूवाल्या चहाला. मग '३१ वर राहिलाय' तिथं आले आणि हसू गेलं. तू ज्या क्रमानं लिहिलंस त्या क्रमानंच सगळं झालंय बघ, आधी हशा आणि मग खालच्या ओळीत खरी गोष्ट. कट्ट्यावर पण तू तेच केलंस, फक्त खालची ओळ सांगितली नाहीस.

सोडायचं काय ते मागनं बघू. आई म्हणते हॉकी, मित्र म्हणतात कट्टा, तू म्हणतोस इंजिनीअरिंग, म्हणजे तिघांनी तीन वस्तू काढल्यात बाहेर टाकायला आणि थर्मोचं पुस्तक उघड म्हणून एकानं पण सांगितलं नाही.

माझं सांगते थोडं. मी पण बेळगावातच इंजिनीअरिंग केलं, कॉलेजचं नाव राहू दे. व्हीटीयू, आपली विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, १९९८ ला सुरू झाली आणि आम्ही तिच्या सुरुवातीच्या बॅचवाले, आमच्या आधीचे सीनियर धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचे, त्यांचं सगळं वेगळं, आमचं सगळं नवीन, कुणाला काय विचारायची सोय नाही. मी संकेश्वरहून एसटीच्या पासवर जाऊन येऊन करायची. कॉलेजच्या टीमला राइट हाफ खेळायची. तुमच्यासारखा चहाच्या गाड्यावरचा कट्टा आम्हा पोरींना कुठला मिळायला, आमचा कट्टा म्हणजे संध्याकाळच्या बसची शेवटची लांब सीट. टीममधल्या चौघी, दोन डिप्लोमाची पोरं, आणि एक कंडक्टर मामा, हॉकीचा एवढा वेडा की तिकिटं फाडून झाली की मागं येऊन उभा राहायचा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला आपण पोलंडशी १-० नं पुढं होतो, शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी बरोबरी केली आणि सेमी फायनल गेली. त्यानंतर कितीतरी महिने मामा यमकनमर्डी आली की तोच विषय काढायचा, पोलंडनं घात केला पोलंडनं, जसं काय पोलंडचं आणि त्याचं बांधावरनं भांडण आहे.

आणि हॉकी संपली की हेच. सब्जेक्टचे किस्से. माझा हिट किस्सा थर्मोचा होता. पेपरला एन्ट्रॉपीच्या जागी पाच पानं एन्थाल्पी, नाव जवळचं पण गोष्टच वेगळी, लिहून आले होते, सुंदर अक्षरात, खाली अंडरलाइन करून. बस हसायची. नवीन कोण आलं की मामा स्वतः म्हणायचा, आक्का ते एन्थाल्पीचं सांग की. मी सांगायची. प्रत्येक वेळी एखादं पान वाढवायची, शेवटी सात पानांवर गेलेलं ते. तोपर्यंत माझा एम-थ्री दोनदा उडाला होता आणि त्याचं मी बसमध्ये चकार शब्द काढला नव्हता, कारण त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. एम-थ्रीतली ती फुरिये सिरीज नुसती येत नव्हती. त्याचा किस्सा कसा करणार?

आमची गोलकीपर होती, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर. तिला एम-थ्री चौथ्या वेळी सुटला होता आणि तो किस्सा ती अशी रंगवून सांगायची की बस्स, हॉलमधला सुपरवायझर तिला नावानं ओळखायला लागला होता, "या, या, बसा" म्हणायचा म्हणे. एकदा टीमच्या बाकीच्या पोरी आल्या नव्हत्या, मामा पुढं होता, पावसानं काच बंद होती, आणि मी तिला सहज विचारलं, "अगं पण चौथ्या वेळी सुटला कसा?"

ती गप्प. इतका वेळ गप्प की मला वाटलं राग आला. मग पायापाशी ठेवलेली ती पॅडची मोठी बॅग ओढली, घामाचा वास भपकन आला, आणि आतनं २०० पानी लाँग बुक काढलं. प्रत्येक पानावर वर लाल पेननं एकच ओळ: कॉस एन पाय म्हणजे मायनस वन रेज टू एन. साइन एन पाय म्हणजे झीरो. प्रत्येक पानावर, मी मोजायला गेले नाही पण साठ-सत्तर पानं तरी होती. म्हणाली, "गणित चालू करायच्या आधी हे लिहायचं, मग खाली गणित. चार महिने, रोज दोन. रविवारी पाच." मी म्हटलं हे तू कधी सांगितलं नाहीस, तर म्हणाली, "ह्यात सांगण्यासारखं काय आहे? कोण हसणार ह्याला?"

एवढंच मला तुला सांगायचंय खरं म्हणजे. तुझ्या कट्ट्यावरचे सगळे किस्से सुटलेल्या माणसांचे आहेत. सात अटेम्प्टवाला काका हसतो कारण सातवा अटेम्प्ट झालाय, नोकरी झाली, पोरंबाळं झाली, त्या मार्क्सकार्डाला आता कपाटात वाळवी लागली असेल. त्यानं पहिली सहा वेळेची फजिती ठेवली आणि सातव्या वेळी काय केलं ते गाळलं, मुद्दाम नाही, त्यात मजा नाही म्हणून. तू पहिलं ऐकलंस आणि तुला वाटलं असंच असतंय, सगळ्यांचंच राहतंय, पुढं आपोआप सुटतंय. आणि तू तुझा किस्सा सांगितलास तो अजून चालू असताना. नऊ मार्क म्हणजे त्यांच्यासाठी आठवण, तुझ्यासाठी पुढच्या परीक्षेचा फॉर्म आहे, फी भरायची शेवटची तारीख आहे. म्हणून ते घरी जाऊन गाढ झोपले आणि तू छताकडं बघत पडलास.

कट्टा सोडू नकोस. लोक तुला सांगतील सोड म्हणून, पण खानापूरकडनं येऊन रूमवर एकट्यानं राहणाऱ्या पोराला रोज संध्याकाळी दहा माणसं नावानं, बरं नंबरानं का होईना, हाक मारतात ही काय लहान गोष्ट नाही. फक्त आता तिथं जाऊन गाळलेला भाग माग. चारचौघांत नको, चारचौघांत विचारलंस तर परत किस्साच मिळेल. कट्टा उठताना, गाडीला किक मारायच्या आधी, एकाला बाजूला घेऊन विचार: काका, सातव्या वेळी काय केलंसा? बघ, चेहरा बदलतो का नाही.

आता तुझ्या मार्कांकडं येते, कारण मला वाटतं तू ते नीट बघितलेच नाहीस. भीती वाटली की माणूस मार्क्सकार्ड बघत नाही, त्याचा फोटो काढून गॅलरीत खाली ढकलतो.

तू व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीमचा, म्हणजे त्या वर्षीच्या सिलॅबस आणि नियमांचा, असणार असं धरून बोलते, तरी तुझ्या स्कीमचं रेग्युलेशन कॉलेजात एकदा बघून घे. एक्स्टर्नल १०० चा, त्याचे ५० करतात, त्यात ३५ टक्के पाहिजेत. इंटर्नल, म्हणजे कॉलेजातले मार्क, ५० पैकी २० पाहिजेत. दोन्ही मिळून १०० पैकी ४०. म्हणजे तुझे इंटर्नल सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असतील तर एक्स्टर्नलला ३५ पडले की गाडी निघाली. थर्मोला तुला ३१ आहेत. चार मार्क कमी. चार! आणि तू दीड महिना एम-थ्रीच्या नऊ मार्कांवर रडालास. का माहिती आहे काय? कट्ट्यावर एम-थ्री गाजला म्हणून. थर्मोला कुणी हसलं नाही म्हणून तो तुझ्या डोक्यातनंच गेला.

रिव्हॅल्युएशनची तारीख उलटली नसेल तर हे वाचून झाल्या झाल्या ऑफिसला जा. आन्सर शीटची झेरॉक्स मागव, सरांना दाखव, चार मार्कांसाठी रिव्हॅल टाकायला कुणीच नको म्हणणार नाही. तारीख गेली असेल तरी झेरॉक्सचा विषय विचारून बघ, आपण नेमकं कुठं मार्क घालवतो हे आपल्याच पेपरवर दिसत असतं आणि आपण गाइडात शोधत बसतो. मटेरियल्सचे २८ म्हणजे सात कमी. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या डायग्रामवर हात बसला की सात मार्क फार लांब नाहीत, ते स्केल धरून काढायचं काम आहे, त्यात डोक्यापेक्षा सवय लागते. म्हणजे तुझ्या तीन डोंगरांतले दोन तर टेकड्या निघाल्या. आधी ते दोन काढ. एम-थ्री शेवटी.

एम-थ्रीचं असं आहे. पेपरला पाच मॉड्यूल, म्हणजे सिलॅबसचे पाच भाग, प्रत्येकातनं दोन फुल क्वेश्चन देतात, एक सोडवायचा, २० मार्कांचा. तू पाचही मॉड्यूल अर्धे अर्धे केले असणार, सगळ्यांचं असंच असतंय, पहिल्या मॉड्यूलची पहिली चार गणितं सगळ्या बेळगावाला येतात. तीन मॉड्यूल धर. कुठले ते तूच ठरव, पण तीनच. प्रत्येकात १२ पडले तरी ३६ होतात. उरलेल्या दोनमध्ये फॉर्म्युला लिही, पहिल्या स्टेप्स लिही, पान कोरं ठेवू नको. पूर्ण सिलॅबस कर म्हणून सरांनी सांगितलं तर सर बरोबर आहेत, पण ९ वर असलेल्या पोरानं आधी ३५ ला जायचं असतंय, ९० चं मागनं बघू. ह्यावर मला रागानं मेल येतील मास्तर लोकांचे, येऊ देत.

फुरियेचा मॉड्यूल धरलास तर एक दाखवते. समज एक्सचा वर्ग दिलाय, मायनस पाय ते पाय. तू काय करणार, ए झीरो काढणार, ए एन काढणार, बी एन काढणार, तिन्ही इंटिग्रेशन लांबच्या लांब, आणि बी एन काढताना अर्ध्यात कुठंतरी मायनस सांडणार. थांब. आधी एक्सच्या जागी मायनस एक्स घालून बघ. वर्ग तोच येतोय. म्हणजे हे सम फलन. सम म्हटल्यावर बी एन झीरो, काढायचंच नाही, एका ओळीत कारण लिहून मोकळं व्हायचं. ए झीरो येतो टू पाय स्क्वेअर बाय थ्री. ए एन मध्ये शेवटी कॉस एन पाय उरतं, त्याच्या जागी मायनस वन रेज टू एन घातलंस की फोर बाय एन स्क्वेअर गुणिले ते, झालं. मी दोन वेळा नापास झाले ती ह्या कॉस एन पायला सरळ वन लिहून. एन इव्हन असेल तर वन, ऑड असेल तर मायनस वन, एवढं साधं, आणि दोन वर्षं कुणी मला सांगितलं नाही की तुझं गणित येतंय बाई, फक्त ही एक जागा सडलेली आहे.

आणि बघितलंस काय, मी 'सम' म्हटलं. इव्हन फंक्शन म्हटलं की माझ्या डोक्यात काहीच उभं राहायचं नाही. सम म्हटलं की चौथीचा वर्ग दिसायचा, फळ्यावर २, ४, ६, ८. सिरीज म्हणजे श्रेढी हे मला तिसऱ्या वेळी अभ्यासाला बसल्यावर कळलं, कळलं म्हणजे काय, दहावीत आपण ती केली होती की, चांगली आवडायची, आणि इथं मी तिला ओळखलंच नाही, शेजारच्या घरातली बाई शहरात वेगळी साडी नेसून भेटावी तसं.

तू लिहिलंस डोकं चालत नाही आता. ८९ टक्के आणि बॅनर, आणि आता ९. मला हे पत्रातलं सगळ्यात चुकीचं वाक्य वाटतंय. तू हॉकीवाला म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, आपण पाकिस्तानला २-१ हरवून वर्ल्ड कप जिंकला, अशोक कुमारचा गोल. तुझ्या कट्ट्यावरच्या साठीच्या काकांना रेडिओ आठवत असेल. पुढच्याच वर्षी १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिक, आणि आपण सातवे. सव्वा वर्षात काय पोरं खेळ विसरली? मनगटं गेली? ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हॉकी कृत्रिम टर्फवर आली. गवतावर बॉल थांबतो, उडतो, तिथं आपलं ड्रिबलिंग चालायचं, टर्फवर बॉल सपाट आणि सुसाट पळतो, थांबवायची पद्धत वेगळी, पास वेगळा, दम वेगळा लागतो. ग्राउंड बदललं होतं. तुझं पण दहावीनंतर ग्राउंडच बदललं, मराठीतनं एकदम इंग्रजीत, आणि तुला कुणी सांगितलं नाही की आता बूट दुसरे लागतील. तू समजलास की पायच गेले.

फक्त आपल्या टीमसारखं करू नको. मॉस्कोच्या १९८० च्या गोल्डनंतर पुढचं मेडल यायला २०२१ उजाडलं, टोकियो, जर्मनीला ५-४. ४१ वर्षं. तुला तेवढी सवड नाही, व्हीटीयू कोर्स पुरा करायला मुदत घालून देते.

तेव्हा वहीच्या मार्जिनमध्ये मराठी लिही. लाजू नकोस. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग असं लिहून ठेव, पेपरला कुणी मार्जिन तपासायला येत नाही. तुम्हाला आता पहिल्या वर्षाला बळके कन्नड, म्हणजे कन्नड न येणाऱ्यांसाठीचं बोलायचं कन्नड, असतंय ना, त्यात पास झालायस का नाही? झालायस. कसा झालास? बाजारात, बसमध्ये, खानापूरच्या स्टँडवर रोज कानावर पडलेलं म्हणून. मग फुरिये पण कानावर पडू दे रोज थोडा, तो पण परकाच माणूस आहे, चांगला आहे पण.

आता घर.

हे मी मुद्दाम मागं ठेवलं कारण तू पण पत्रात एका ओळीत उरकलंस. रिझल्ट लागला नाही म्हणून सांगितलंस. बाबा रे, गावात एकाच्या पोराचा लागला की सगळ्यांना कळतंय लागला म्हणून, तुझ्या आईला आत्तापर्यंत कळलेलं पण असेल आणि ती तू सांगायची वाट बघत असेल. हॉकी सोड हे ती उगीच म्हणालीय असं मला वाटत नाही. आईला एम-थ्री माहीत नसतो, तिला स्टिक दिसते, म्हणून ती स्टिकवर राग काढते.

फोनवर सांगू नको. शनिवारी दुपारच्या बसनं जा. जेवणं झाल्यावर सांग, आधी नको, आधी सांगितलंस तर कोणच जेवणार नाही. आणि रडत सांगू नको, आकडे घेऊन जा. तीन विषय राहिलेत, एक चार मार्कांनी, एक सातनं, एक मोठा आहे. फी एवढी, परीक्षा ह्या महिन्यात, मी रोज एवढा वेळ बसणार. बाबा ओरडतील. ओरडू देत, ओरडून झालं की विचारतील फी कधी भरायची आहे, मग समज झालं. मी माझा दुसरा एम-थ्री घरी सांगितला तेव्हा आमचे अण्णा काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले आणि अर्ध्या तासानं येऊन म्हणाले, पासाचे पैसे दिलेत काय ह्या महिन्याचे. तेवढंच. मला आजतागायत कळलेलं नाही ते रागावले होते का नाही.

हॉकीचं आईशी असं ठरव, शनिवार-रविवार पूर्ण, मधल्या दिवसांत दोनच संध्याकाळी, आणि ती गावाहून फोन करेल तेव्हा आज किती गणितं झाली ते सांगायचं, खरं सांगायचं, एक झालं तर एक. अटेंडन्स ८५ टक्के लागते ते विसरू नको, चौथं सेम पण चालू आहे तुझं, मागचे तीन काढायच्या नादात पुढचे तीन ठेवलेस तर मग मी पण काही करू शकणार नाही. पूर्ण सोड म्हणून मी सांगणार नाही. आमच्या टीममधल्या एकीनं घरच्यांच्या बोलण्यावरनं हॉकी सोडली, त्या संध्याकाळी ती काय अभ्यासाला बसली नाही, ती झोपायला लागली. खेळून आलेलं डोकं तासभर तरी नीट बसतंय, हे मी माझ्यावर बघितलंय, तुझ्यावर पण बसेल असं वाटतंय, नाही बसलं तर कळव, मग दुसरं काहीतरी बघू.

इंजिनीअरिंग सोडायचा प्रश्न राहिला. आत्ता नको ठरवू. झोप न लागलेल्या माणसानं काहीच ठरवू नये. थर्मो आणि मटेरियल्स सुटू देत, मग मला लिही. तेव्हा पण वाटलं सोडावं तर आपण बसून बोलू, मी काय डिग्रीची एजंट नाही. दोन सोडवून सोडलंस तर मनासारखं सोडलंस म्हणता येईल, आत्ता सोडलंस तर नऊ नंबरला घाबरून सोडलंस, आणि ते नाव मग कायमचं चिकटेल.

नावावरनं आठवलं. कट्ट्यावर परत 'नऊ नंबर' म्हणून हाक आली तर चिडू नको, हस. पण नवीन माणूस आला आणि तुला म्हणाले सांग की रे ते एम-थ्रीचं, तर म्हण, अजून संपला नाही किस्सा, संपल्यावर सांगतो. आमची गोलकीपर असंच म्हणायची. बाय-टू चहा, एकाचे दोन, सांग आणि विषय बदल, हॉकीतल्या आपल्या हरमनप्रीतचा काढ, पॅरिसला २०२४ ला ब्रिटनविरुद्ध रोहिदासला १७ व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं आणि उरलेली मॅच दहा जणांत काढून शूटआउटला जिंकले, तो विषय काढलास तर तासभर कुणाला एम-थ्री आठवणार नाही.

आणि सात अटेम्प्टवाल्या काकांना विचारलंस की मला कळव हं ते काय म्हणाले. एम-टू सातव्या वेळी कसा सुटला. मला खरंच ऐकायचंय.

— आक्का